थेंब बंद करून प्रथिनाच्या कॅप्सूल घेऊ का?

पत्राचा सारांश: वय ४८. दीड वर्षापूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर काचबिंदू असल्याचं कळलं. तेव्हा डोळ्यातला दाब २६ (पाऱ्याचे मिलिमीटर) होता. रोज रात्री एक थेंब घालून तो आता १७ वर आहे. फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका तपासणारी चाचणी) तेव्हापासून तशीच आहे, पण नजरेचा गेलेला भाग परत आलेला नाही. वडिलांचा एक डोळा याच दुखण्यात गेला, तोही 'थेंब चालू असताना'. थेंबाने डोळे लाल होतात. मध्यंतरी वाचनात आलं की बीडीएनएफ नावाचं प्रथिन डोळ्याच्या चेतापेशींना जगवतं. रक्त तपासून घेतलं, त्यात ते 'कमी' निघालं. आता कुणी हे प्रथिन वाढवणाऱ्या कॅप्सूल सुचवल्या आहेत, तर एका ठिकाणी डोळ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन देऊ म्हणून सांगितलं आहे. लिहिणाऱ्या बाई विचारतात, 'थेंब फक्त दाब कमी करतात, नसेचं काहीच करत नाहीत. मग मुळावरच इलाज का करू नये?'

तुमच्या पत्रातलं शेवटचं म्हणणं आधी घेते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातून निघालेत. थेंब नसेचं काहीच करत नाहीत, असं वाटणं साहजिक आहे. औषध दाबाचं म्हणून मिळतं, दर खेपेला डॉक्टर दाब मोजतात, आणि नजर जाते ती मात्र नसेमुळे. त्यामुळे दाब आणि नस अशी दोन वेगळी खाती मनात उघडली जातात. ती खरंच वेगळी आहेत का, हे पाहायचं तर तुम्ही ज्या प्रथिनाबद्दल वाचलंत त्याचाच माग काढू या.

रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, आतल्या थरात गँग्लिऑन पेशी असतात, एका डोळ्यात साधारण १० ते १२ लाख. प्रत्येक पेशीतून एक बारीक तंतू निघतो, डोळ्याच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि थेट मेंदूत जाऊन पोचतो. या सगळ्या तंतूंची मोळी म्हणजे डोळ्याची नस. पेशी स्वतः मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढी, आणि तिचा तंतू कित्येक सेंटिमीटर लांब. इतक्या लांबवर हात पसरून बसलेल्या पेशीला जगायला शिदोरी लागते. तिचा काही भाग रेटिनातच तयार होतो, पण मोठा वाटा तंतूच्या पलीकडच्या टोकाकडून, म्हणजे मेंदूकडून येतो.

चेतापेशींना जगवणारी अशी प्रथिनं असतात हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९५० च्या दशकात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ले कोहेन यांनी यातलं पहिलं प्रथिन, एनजीएफ, हाती लावलं. त्यासाठी दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. तुमचं बीडीएनएफ त्याचंच भावंड. इव्ह-अलां बार्द आणि हान्स थोनेन यांच्या गटाने १९८२ मध्ये ते डुकराच्या मेंदूतून शुद्ध करून काढलं, आणि चारच वर्षांत दिसलं की उंदराच्या गँग्लिऑन पेशी काचेच्या बशीत ठेवल्या तर या प्रथिनावर जगतात.

शिकत असताना मी अशा दोन बशा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. एका बशीत हे प्रथिन घातलेलं, दुसरीत नाही. प्रथिनाच्या बशीत पेशी गोल, चकचकीत, प्रत्येकीतून एखाददुसरा तंतू बाहेर पडून वाट शोधतोय. दुसऱ्या बशीत दोन दिवसांत पेशी आक्रसलेल्या, कडा फाटक्या, आणि तंतूंच्या जागी नुसती ठिपक्यांची रांग. दुसऱ्या बशीत कुणी विष घातलं नव्हतं. फक्त शिदोरी नव्हती. मरणाची यंत्रणा पेशीच्या आत मुळातच असते. कुणीतरी सतत 'थांब' म्हणत असतं म्हणून ती बंद राहते. हे मला त्या दिवशी जितकं लख्ख कळलं तितकं कुठल्याही पुस्तकातून कळलं नव्हतं.

हे 'थांब' म्हणणं कसं घडतं, ते जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या कॅप्सूलचं उत्तर इथेच आहे. प्रथिन पेशीच्या आसपास असून भागत नाही. ते ओळखणारा रिसेप्टर पेशीच्या अंगावर असावा लागतो. बीडीएनएफसाठी तो म्हणजे ट्रॅक-बी. बीडीएनएफचे रेणू जोडीने असतात. ही जोडी दोन ट्रॅक-बींना जवळ आणते, जवळ आलेले रिसेप्टर एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि तिथून निरोप आत जायला लागतो. निरोपाची एक साखळी पेशीच्या आत्मघाताची यंत्रणा दाबून धरते. दुसरी केंद्रकापर्यंत जाऊन जगण्यासाठी लागणारी जनुकं चालू करते. मेंदूच्या टोकाशी हे घडतं तेव्हा प्रथिन आणि रिसेप्टर यांची जोडगोळी एका चिमुकल्या पिशवीत गुंडाळली जाते आणि तंतूमधून उलट्या दिशेने, डोळ्याकडे, ओढून आणली जाते. निरोप वाटेतही चालूच असतो. पेशीपर्यंत पोचते ती ही निरोपासकट आलेली शिदोरी.

आता त्या वाटेकडे पाहा. तंतू डोळ्यातून बाहेर पडतात तिथे एक जाळी आहे. तिचं नावच लॅमिना क्रिब्रोसा, म्हणजे चाळणीसारखा पडदा. चाळणीच्या भोकांतून तंतूंच्या जुड्या जातात. डोळ्यातला दाब वाढला की ही चाळणी मागे ढकलली जाते, तिचे थर वेडेवाकडे होतात आणि भोकांतून जाणाऱ्या जुड्या चिमटल्या जातात. वाहतूक तुंबते. प्राण्यांमध्ये दाब वाढवून केलेल्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं आणि २००० साली ते प्रसिद्ध झालं: बीडीएनएफ आणि त्याचा ट्रॅक-बी, दोन्ही या चाळणीपाशी अडकून साठले होते. मेंदूकडून शिदोरी निघालेली होती, पण ती वेशीवर अडली होती.

आता तुमचा रात्रीचा थेंब पाहा. तो दाब उतरवतो म्हणजे चाळणीवरचा चिमटा सैल करतो आणि तुमच्याच मेंदूने पाठवलेलं, तुमच्याच पेशीसाठीचं प्रथिन पुढे जायला वाट ठेवतो. काचबिंदूत पेशी मरण्याची कारणं याशिवायही आहेत: रक्तपुरवठा, पेशीतली ऊर्जा, आजूबाजूच्या आधारपेशींचं बिघडणं. दाब हे सगळं काही नाही, हे खरंच. म्हणून तर काहींचा दाब नेहमीच्या मर्यादेत, २१ च्या आत, असूनही नस झिजते. पण अशाच लोकांवर झालेल्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाब ३० टक्क्यांनी उतरवल्यावर झीज पुढे सरकलेल्यांचं प्रमाण १२ टक्के होतं, आणि उपचार न केलेल्यांमध्ये ३५. काचबिंदूच्या सुरुवातीच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दाबाच्या दर एका मिलिमीटरच्या उतारामागे झीज वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी झाला. तुमचे ९ मिलिमीटर उतरलेत. हा नसेवरचाच इलाज आहे, आणि आज माणसांमध्ये सिद्ध झालेला एवढाच आहे.

गेलेला भाग परत आला नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते मला कळतं. मासे आणि बेडूक तुटलेली डोळ्याची नस पुन्हा वाढवतात, आपल्याला ती सोय नाही. त्यामुळे या दुखण्यात फील्ड टेस्ट 'तशीच' येणं हाच औषधाचा गुण आहे. दीड वर्षांत एकही ठिपका वाढला नाही, हे मी तुमच्या जागी असते तर भिंतीवर लावून ठेवलं असतं.

वडिलांबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून थांबले. थेंब चालू असताना डोळा गेला, म्हणून थेंबांवरचा विश्वास उडाला. पण काही गोष्टी विचारून पाहाल का, दोष काढायला नाही, समजून घ्यायला? त्यांचं दुखणं कळलं तेव्हा किती नस शिल्लक होती? काचबिंदू दुखत नाही, आणि एका डोळ्यातला गेलेला भाग दुसरा डोळा भरून काढतो. पुष्कळजण येतात तेच मुळी बऱ्याच उशिरा. थेंब रोज खरोखर डोळ्यात पडत होता की गालावर? त्यांच्यासाठी दाबाचा आकडा किती ठरवला होता, आणि तो गाठला गेला होता का? तुमचं दुखणं लवकर सापडलं. त्यांची गोष्ट म्हणजे तुमचं भविष्य नव्हे.

रक्तातलं बीडीएनएफ कमी आलं, त्याचं काय करायचं? काहीच करू नका. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला, यावर आकडा हलतो. तुमच्या चाळणीपाशी वाहतूक मोकळी आहे की तुंबलेली, हे त्या आकड्यातून कळत नाही आणि एकट्या माणसाचे उपचार त्यावरून ठरत नाहीत. ती तपासणी पुन्हा करू नका.

कॅप्सूलच्या मागे एक समजूत आहे: प्रथिन कमी पडतंय, तर जास्त घालू. मीही एकेकाळी तसाच विचार करायचे. पण प्रयोगांनी काय सांगितलं ते ऐका. उंदरांमध्ये नस डोळ्याजवळ तोडली की दोन आठवड्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास गँग्लिऑन पेशी मरतात. डोळ्यात बीडीएनएफ टोचलं तर पेशी तग धरतात, पण थोडेच दिवस. पुन्हा पुन्हा टोचूनही शेवटी त्या जातात. का? कारण जखमी पेशीवरचे ट्रॅक-बी कमी होत जातात. ऐकणाराच उरला नाही तर निरोप कितीही मोठ्याने द्या, पालथ्या घड्यावर पाणी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी उलटीकडून सुरुवात केली. एका निरुपद्रवी विषाणूच्या मदतीने पेशींमध्ये ट्रॅक-बीचं जनुक घातलं आणि सोबत बीडीएनएफ दिलं. दोन आठवड्यांनंतर सुमारे ७६ टक्के पेशी जिवंत होत्या. तेच प्रथिन, तीच जखम. फरक पडला तो रिसेप्टरने.

आणखी एक बाजू आहे. बीडीएनएफ आधी एका लांबट, कच्च्या रूपात तयार होतं आणि मग कापून पक्कं होतं. हे कच्चं रूप पी-७५ नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरला घट्ट बसतं, आणि तिथून जाणारा निरोप जगवण्याचा नसतो, मरणाकडे नेणारा असू शकतो. या कुळातल्या प्रथिनांचं कच्चं रूप असं वागतं हे २००१ मध्ये दिसून आलं. तेव्हा 'बीडीएनएफ वाढवतो' असं कुणी म्हटलं तर पुढचे प्रश्न विचारा: कोणतं रूप, कोणत्या पेशीपाशी, आणि तिथे ऐकायला कोणता रिसेप्टर? कॅप्सूल विकणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं. हे प्रथिन तोंडावाटे घेतलं तर पोटात इतर प्रथिनांसारखंच पचून जातं, आणि रक्तातून रेटिनात शिरायची वाटही त्याच्यासाठी जवळपास बंदच असते. त्या कॅप्सूल थेंबाच्या जोडीला घेतल्या तर बहुधा पैसे जातील. थेंबाऐवजी घेतल्या तर नस जाईल.

स्टेम सेलच्या इंजेक्शनला मात्र माझं साफ नाही आहे. २०१७ मध्ये एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात तीन स्त्रियांची हकिकत आली. मॅक्युला (रेटिनाचा मधला भाग) झिजण्याच्या विकारासाठी त्यांनी पैसे भरून अशी इंजेक्शनं घेतली होती, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. इंजेक्शनाआधी त्यांना बऱ्यापैकी दिसत होतं. नंतर तिघींची दृष्टी कायमची गेली किंवा जवळजवळ गेली. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. खऱ्या चाचणीत सहसा प्रायोगिक औषधाचे पैसे घेत नाहीत, चाचणीची सरकारी नोंद असते, नैतिकता समितीची मंजुरी असते, धोके लिहून देतात, आणि दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी हात लावत नाहीत. यातली एकही गोष्ट चुकत असेल तर तिथून उठून या.

म्हणजे या प्रथिनांतून काही हाती येणारच नाही का? येतंय, आणि मी त्याकडे डोळे लावून बसले आहे. एनजीएफचे थेंब २०१८ पासून अमेरिकेत मान्य आहेत, पण ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यासाठी, जिथल्या नसा मेल्यामुळे जखम भरत नाही. हेच थेंब काचबिंदूच्या ६० रुग्णांना ८ आठवडे देऊन पाहिले. ते सुरक्षित ठरले, पण नजरेला फायदा झाल्याचं सिद्ध झालं नाही. सीएनटीएफ नावाचं दुसऱ्या कुळातलं प्रथिन सतत झिरपवणारी बारीक कुपी मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती डोळ्यात शस्त्रक्रियेने बसवतात, आणि तिच्या आतल्या जिवंत पेशी हे प्रथिन बनवत राहतात. तीही मॅक्युलाच्या एका दुर्मिळ विकारासाठी आहे, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी वाचवायच्या असतात. काचबिंदूसाठी नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बीडीएनएफ आणि ट्रॅक-बी ही दोन्ही जनुकं एकाच वाहकातून प्राण्यांच्या डोळ्यात पोचवून पेशी वाचवून दाखवल्या. मला सगळ्यात आशा आहे ती या वाटेची, कारण तिथे निरोप आणि ऐकणारा दोघांचीही सोय केली आहे. पण असा उपचार उद्या आलाच तर तो जिवंत असलेल्या पेशींनाच वाचवेल. तोवर पेशी टिकवून धरायच्या, हे काम तुमच्या थेंबाचं.

आता रोजच्या वापरातलं. लाल डोळ्यांमुळे थेंब नकोसा होतो, आणि हे डॉक्टरांना न सांगता पुष्कळजण हळूच थेंब चुकवतात. तुम्ही सांगा. काही थेंब सुरुवातीला डोळे लाल करतातच, कधी टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनाचा त्रास असतो आणि त्याच औषधाची रसायनविरहित बाटली मिळते, कधी औषधच बदलता येतं. दाब उतरवणाऱ्या एसएलटी नावाच्या लेसरबद्दलही विचारा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आधी लेसर घेतलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांविना ठरवलेला दाब राखता आला. तुमच्या डोळ्याचा कोन (आतलं पाणी निचरायची जागा) कसा आहे यावर ते ठरेल. तुम्हाला थेंबांपासून सुटका हवी असेल तर तिचा रस्ता इथून जातो.

थेंब घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब त्या खोबणीत सोडा, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरा. औषध नाकात उतरत नाही, डोळ्यातच राहतं. उघडझाप करू नका. कधी दुसरं औषध सुरू झालं तर दोन थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या.

स्टेरॉइड असलेलं कुठलंही औषध, डोळ्याचं, त्वचेचं, दम्याचा पंप, सुरू होत असेल तर काचबिंदू आहे हे आधी सांगा. स्टेरॉइडने काहींचा दाब चढतो. खाली डोकं वर पाय अशी आसनं सोडा, त्या वेळेपुरता दाब दुपटीच्या घरात जातो. भरभर चालणं मात्र जरूर ठेवा. त्याने दाब थोडा उतरतो, आणि उंदरांमध्ये तरी व्यायामाने रेटिनातलं बीडीएनएफ टिकून राहतं व पेशींना राखण मिळते असं दिसलंय. माणसांबद्दल एवढं म्हणणार नाही, पण चालण्याचा तोटा कुणाला झालेला नाही.

बी-३ जीवनसत्त्वाबद्दलही तुम्हाला कुणीतरी सांगेल. २०१७ मध्ये उंदरांत त्याने गँग्लिऑन पेशी वाचल्या, आणि आता माणसांवर चाचण्या चालू आहेत. त्यातले डोस दिवसाला काही ग्रॅम असे मोठे असतात आणि अशा डोसने यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. स्वतःहून घेऊ नका.

पुढच्या भेटीला मागचे सगळे ओसीटी (नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) आणि फील्डचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या आणि विचारा, 'माझ्या नसेसाठी दाबाचा कोणता आकडा ठरवलाय? झीज पुढे सरकतेय का, आणि कशावरून म्हणता?' १७ तुम्हाला पुरेसा आहे की १५ वर आणायला हवा, हे त्यांनी तुमच्या डोळ्याकडे पाहून सांगायचं.

तुम्ही भावाचा ओझरता उल्लेख केलाय, तुमच्याहून चार वर्षांनी मोठा, 'त्याला काही त्रास नाही' असा. तुम्हालाही काही त्रास नव्हता. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. त्याला या आठवड्यात फोन करा आणि दाबाबरोबर नसेची तपासणीही करून घ्यायला सांगा. नुसत्या दाबावर सोडलं तर सुटू शकतं.